सगळ्यांना मनाई
छापखान्याच्या सर्व्हरवरचं सामायिक फोल्डर कुणालाच उघडेना, म्हणून मला दुरुस्तीला बोलावलं. पोचलो तर थोरले मालक धाकट्या भावाची मानगूट धरून त्याचं डोकं लोखंडी कपाटावर आपटत होते.

"यानंच बंद केलंय!"

मी मध्ये पडलो, तर माझाच ओठ फुटला. मग माझंही टाळकं सटकलं. थोरल्यांना खुर्चीत ढकललं आणि सर्व्हर तपासला. थोरल्यांच्याच खात्यातून 'सगळ्यांना' मनाई केलेली होती.

"अहो, हे तुम्हीच करून ठेवलंय!"

"या धाकट्याला फोल्डरला हात लावता येऊ नये म्हणून केलं. पण मला का उघडत नाही?"

"सगळ्यांत तुम्हीही येता!"

धाकटा नाकातलं रक्त पुसत हसला. "दादाला हे घरीसुद्धा कधी कळलं नाही."