फिटरभाऊ आणि पानाखालची ओळ

फिटरभाऊंना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. चहासुद्धा उभ्यानं, तोही आमच्या ओसरीत येरझारा घालत. खुर्ची पुढे केली की म्हणायचे, "ताई, बठनं का गंज चढस." बसलं की गंज चढतो! मुलांनो, तेव्हा आम्ही सुरतेला, उधन्यात राहत होतो. दिवसभर मागांची खडखड. तिच्यात एखादा माग अडखळला की फिटरभाऊ वाक्य अर्धवट टाकून तो दुरुस्त करायला पळायचे.

पैशाच्या बाबतीत त्यांचा स्वतःवर भरवसा नव्हता. खिशात जास्त असलं की कुणीही मागावं आणि त्यांनी द्यावं. म्हणून वहिनी रोज सकाळी त्यांच्या हातावर दहाची एकच नोट ठेवायच्या. "थोडं थोडं घेतलं का माणूस शहाणा राहतो," असं ते अभिमानानं सांगत.

त्यांच्या कारखान्याच्या शेठनं नवे माग घ्यायचे ठरवले आणि शिकायला फिटरभाऊंना तीन आठवडे बेल्जियमला पाठवलं. परत आल्यावर मास्टरची, म्हणजे सगळ्या मागांवरच्या मुख्य कारागिराची जागा त्यांनाच मिळायची होती. खर्चासाठी ऑफिसचं क्रेडिट कार्ड आणि सोबत इंग्रजी माहितीपुस्तिका. मी शाळेत इंग्रजी शिकवायची, त्यामुळे गल्लीतले सगळे इंग्रजी कागद माझ्याकडे येत. परदेशात कार्डावर रोकड काढली तर शेकडा तीन रुपये आकार आणि त्याच दिवसापासून व्याज, हे मी पट्टी धरून लाल पेन्सिलीनं अधोरेखित केलं.

"थोडे थोडे काढले तर?"

"शेकडा तीन म्हणजे तीनच. एकदम काढा नाहीतर थोडे थोडे, आकार तेवढाच."

"अजून काही शे का, ताई?"

अजून काही आहे का, हे ते तिसऱ्यांदा विचारत होते. फेऱ्या चालूच, बोटं दारावर टकटक करत. वैतागून मी पुस्तिका मिटली. "नाही हो. एवढंच."

त्यांनी तिथं अकरा वेळा पैसे काढले, दर खेपेला हजारभर रुपयांएवढे. बँकेचा कागद आला तेव्हा प्रत्येक खेपेला तीस नव्हे, तीनशे रुपये लागले होते. तेहतीसशे! त्यांचा महिन्याचा पगार.

"अगियार वखत?" शेठ कारखान्यात सगळ्यांदेखत ओरडले. "त्यां जुगार रमतो हतो के शुं?" तिथं जुगार खेळत होतास की काय!

फिटरभाऊ म्हणाले, "शेठ, माझीच चूक झाली." हे मला वहिनींनी सांगितलं.

त्या संध्याकाळी मी पुस्तिका पुन्हा मागवून घेतली. 'शेकडा तीन'च्या डोक्यावर तळटीपेची चांदणी होती. पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: प्रत्येक वेळी किमान तीनशे रुपये.

दुसऱ्या दिवशी मी शेठकडे गेले. ओळ दाखवली आणि म्हटलं, "एवढं बारीक कोण वाचणार?" शेठना पटलं. जुगाराचा डाग पुसला, मास्टरची जागाही मिळाली. पैसे मात्र सहा महिने पगारातून कापले गेले. कागद कुणी वाचून दाखवला होता, ते शेठनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. फिटरभाऊंनी तर नाहीच. त्यानंतरही ते इंग्रजी कागद घेऊन माझ्याकडेच येत, उभ्यानंच ऐकत. फक्त 'अजून काही शे का' हा प्रश्न त्यांनी बंद केला. मी आपणहून कागद उलटा करून पाही, तेव्हा ते नजर दुसरीकडे वळवत.

पुढे ते धुळ्याकडे गावी परतले. उधना स्टेशनवर मी डबा घेऊन गेले. जागा मिळाली होती, तरी ते दारातच उभे. गाडीनं शिट्टी दिली आणि इतक्या दिवसांनी त्यांनी विचारलं, "ताई, अजून काही शे का?"

मला सगळं सांगायचं होतं. पण गाडी हलली, आणि सवयीनं तोंडून निघालं, "नाही हो. एवढंच."

ते हसले. हात हलवत दिसेनासे झाले. वर्षभरानं वहिनींचं पत्र आलं, फिटरभाऊ गेल्याचं. ते मी पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचलं, मग कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं.