ट्रकचं इंजिन लावलेला संगणक

रागाने माणसाचं रक्त आटतं म्हणतात. माझं उलट आहे. ही गोष्ट सांगताना मला जो राग येतो, त्यानेच मी तरतरीत राहतो. म्हणून लग्नात, बारशात, जिथे चार कान सापडतील तिथे मी ती सांगतो. बायको पहिल्या वाक्यालाच उठून आत जाते. तुम्ही बसा.

नव्वदचं दशक संपत आलेलं. डोंबिवलीत दोन माणसं जमली की मंडळ होतं आणि तिसरा आला की त्याची घटना दुरुस्त होते. आमचंही एक मंडळ होतं, खुल्या सॉफ्टवेअरचं. म्हणजे जे कोणीही उघडून बघावं, बदलावं, फुकट वाटावं असं. दर रविवारी पूर्वेच्या एका शाळेत पहिल्या मजल्यावर आम्ही भेटायचो. शाळेने एक संगणक दिलेला. एकच. आणि मंडळात तट दोन: लिनक्सवाले आणि बीएसडीवाले.

दोन्ही संगणक चालवणाऱ्या सिस्टीम, दोन्ही खुल्या, दोन्ही फुकट, दोघींची चालही सारखी. भाऊबंदकीला एवढं पुरतं. डिस्क इतकी लहान की दोघी शेजारी मावत नव्हत्या. त्यामुळे या रविवारी लिनक्सवाले बीएसडी पुसायचे, पुढच्या रविवारी बीएसडीवाले लिनक्स पुसायचे. आरडाओरडा ऐकून एकदा मुख्याध्यापिकाबाई स्वतः वर आल्या. म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत मिटवा. नाहीतर मशीन ऑफिसात नेते."

मी लिनक्सवाला. माझा जिवलग मित्र बीएसडीवाला, कोपरीचा, खाडीवरच्या कोळी घरातला, माझ्याच कंपनीत इंजिनियर. तो म्हणाला, "अरे मास्तर, भांडता कशाला? खालचं माझं घे, वरचं तुझं ठेव."

संगणकात सगळ्यात खाली कर्नल असतो. डिस्क, मेमरी, नेटवर्क तो सांभाळतो. फाइल दाखव, शोध, नक्कल कर, ही कामं करणारी अवजारं त्याच्यावर, वेगळी. याचं म्हणणं, कर्नल बीएसडीचा घेऊ आणि अवजारं लिनक्सवाल्यांची.

"असं चालतं?"

"आमच्या होडीला जुन्या ट्रकचं इंजिन आहे. म्हावरं काय आरसी बुक मागतं?"

बाईंनी दिवाळीपर्यंत मशीन आम्हा दोघांच्या ताब्यात दिलं. शनिवारी शाळा सुटली की आम्ही बसायचो. ही अवजारं कर्नलशी थेट बोलत नाहीत. मध्ये एक लायब्ररी असते, दुभाष्यासारखी. आमच्या दुभाष्याला लिनक्सच्या कर्नलची भाषा येत होती, बीएसडीची एकेक शब्दाने शिकवावी लागली. एका शनिवारी, काय काय चालू आहे त्याची यादी देणारं अवजार आम्हाला म्हणालं, काहीच चालू नाही. म्हणजे ते स्वतःही नाही! मेलेल्या माणसाने येऊन स्वतःच्याच मृत्यूचा दाखला द्यावा तसं. मित्र बाकावर लोळून हसत होता.

दिवाळीच्या तोंडावर त्या यादीत त्या अवजाराचं स्वतःचं नाव उमटलं. आम्ही दोघांनी वर्गात फुगडी घातली. दोन मिशीवाल्या पुरुषांनी. शिपायाने बाहेरून हळूच खिडकी लोटून घेतली.

आता रविवार. अध्यक्ष निवृत्त बँक अधिकारी. मी बटणाकडे हात नेला.

"थांबा. आधी चर्चा, मग मतदान, मग प्रात्यक्षिक. विषयपत्रिकेचा क्रम तसा आहे."

"अहो, पण बघाल तरी, मगच मत द्याल ना?"

"क्रम म्हणजे क्रम."

मग चर्चा. याला लिनक्स म्हणायचं की बीएसडी? उद्या बिघडलं तर कोणाच्या गटाने बघायचं? आमची अवजारं त्यांच्या कर्नलवर का राबवायची? आमच्या कर्नलने त्यांची अवजारं का वाहायची? आणि मागच्या बाकावरून एक काका गरजले, "पुरणपोळीत सुकट!"

वर्ग हसला. दोन्ही तट हसले.

माझा मित्रही हसला. म्हणाला, "सुकट मी आणतो काका. पुरणपोळी तुमच्याकडे मागितली कोणी?" पण त्याचे कान लाल झालेले. मला ते दिसले. काकांना दिसले नाहीत, अध्यक्षांनाही नाहीत. ते हात मोजत होते.

आम्ही दोघं सोडून सगळे हात वर! मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा दोन्ही तटांचं एकमत झालं, तेही बंद पडद्यासमोर. संकरित प्रणाली नामंजूर. ठरावाची अंमलबजावणी तिथल्या तिथे, डिस्क पुसून. आमच्याकडे प्रत नव्हती. ठेवायला दुसरी डिस्क कुठे होती?

आता त्यावर चढवायचं काय? लिनक्स नाही, बीएसडी नाही. तेव्हा सचिवांनी पिशवीतून एक सीडी काढली. घरोघरी असायची तीच विकतची सिस्टीम, अर्थात कोणीच विकत न घेतलेली. "ही तटस्थ आहे," म्हणाले. पुन्हा एकमत! खुल्या सॉफ्टवेअरच्या मंडळाने टाळ्या वाजवून चोरीचं, बंद सॉफ्टवेअर चढवलं. बाई डोकावल्या, शांतता बघून म्हणाल्या, "बघा, मिटलं ना? राहू दे मशीन इथेच."

मी ओरडलो. कोणाचे आईबाप काढले नाहीत, बाकी सगळं काढलं. तुम्हाला भांडण मिटवायचं नव्हतं, तुम्हाला भांडायला एक तिसरा हवा होता! अध्यक्ष म्हणाले, "हा मुद्दा विषयपत्रिकेवर नाही."

तेवढ्यात पडदा निळा झाला, म्हणजे सिस्टीम कोसळली. मशीन पुन्हा चालू केलं, पुन्हा निळा. सचिवांनी सीडी शर्टाला पुसली. तरी निळाच. हळूहळू एकेक मान आमच्याकडे वळली.

"अहो," अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही दोघं जरा बघता का?"

मित्र दाराशी चपला घालत होता. "बघतो की अध्यक्षसाहेब. सूचक कोण?"

अध्यक्ष विषयपत्रिका चाळू लागले.

"अनुमोदक?"

मागच्या बाकावरचे काका खिडकीबाहेर बघत होते.

"मग विषय तहकूब," असं म्हणून तो जिना उतरला. मी त्याच्या मागोमाग, अजून ओरडतच.