खुर्ची रडे कोपऱ्यात

माझ्या सासऱ्यांना मी त्यांच्या जिवंतपणी, भरल्या घरात श्रद्धांजली वाहिली होती. तशी मी बीए मराठी, त्यामुळे मूर्खपणासुद्धा अष्टाक्षरीत.

परवा नातीला कॉलेजसाठी एका गौरवकवितेचा रसास्वाद लिहायचा होता. म्हटलं, घे, माझीच चिरफाड कर. सांगता सांगता डोळे मिटले, आणि पनवेलच्या तळ्यावरचा उजेड पुन्हा आमच्या जुन्या पडवीच्या छतावर हलायला लागला.

सासऱ्यांची पंचाहत्तरी. कापडाचे व्यापारी, अबोल माणूस. लग्नाला दोन वर्षं होऊनही माझ्याशी आपणहून एक शब्द नाही. त्यांच्याकडून एकदा काहीतरी गोड ऐकायचं, एवढ्यासाठी तर कविता! दुकानातली खुर्ची मुद्दाम आणून त्यांना बसवलेलं, गळ्यात झेंडूचा हार, शेजारी समई. आणि ही विदुषी शालू सावरत, मान वेळावत म्हणतेय:

गज गेला, गादी गेली, खुर्ची रडे कोपऱ्यात
आता कोण, आता कोण, देई कापड मापात?

अनुप्रास बघा, कापड मोजायच्या गजापासून ओळीने चार 'ग'. निर्जीव खुर्चीला रडवलं, ती चेतनगुणोक्ती. खुर्चीवर सासरे बसलेत, ही बाब कवयित्रीला किरकोळ वाटली. आणि 'आता कोण'चं पालुपद तर विलापिकेचा कणाच. रिकामी जागा दर कडव्याला दाखवायची, की ऐकणारा हळूहळू बुडतो. पडवी बुडालीच. सासूबाई तेवढ्या पुटपुटल्या, "अगं भवाने, बसलेत ना ते अजून!"

शेवटच्या कडव्यापर्यंत अलंकार संपले, म्हणून मी सरळ थाप मारली:

आता कोण म्हणेल हो, 'मुली, जेवलीस का तू?'

उपमा नाही, यमक नाही. विलापिकेत माणसं हरवलेल्यासाठी रडतात. मी कधी न मिळालेल्याच्या नावानं गळा काढला होता. हे कळायला मला आजी व्हावं लागलं.

पाहुणे पांगले. मी स्वयंपाकघरात पातेल्यांच्या आड तोंड लपवून बसले होते. सासरे दारात येऊन उभे राहिले, हार अजून गळ्यातच. मग म्हणाले,

"बाकी ठीक आहे. पण ते शेवटचं मी तुला कधी विचारलेलं नाही. आता चारचौघांत म्हणून बसलीस, तर खोटी कशाला पडतेस? जेवलीस का तू?"