वहिनींच्या नावाची वेबसाइट

डब्लिनला निघालो त्या दिवशी सगळं घर ओट्यावर जमलं होतं. वहिनी तेवढ्या बेदाण्याच्या शेडवरून धावत आल्या, हात द्राक्षांनी चिकट झालेले. "भाऊजी, तिकडं थंडी लय असती म्हणत्यात. कान झाकून राहा," एवढंच म्हणाल्या. गाडी निफाडबाहेर पडेपर्यंत मी मागच्या काचेतून बघत राहिलो.

इथे मला सगळे नावानेच हाक मारतात. आमच्या घरी वहिनींना मात्र नाव असं नव्हतंच. नानांच्या त्या सूनबाई, गावाच्या लेखी दादाची मंडळी. बाग दादाची, पण बेदाण्याचा धंदा वहिनींनी एकटीने उभा केला होता.

त्याची वेबसाइट करायचं ठरलं तेव्हा मी झकास इंग्रजी नावं सुचवली. बाहेर पडलेल्यांना ठाऊक असेल, लांबून घराला सल्ले देणं फार सोपं असतं.

"ही कोणाची नावं?" वहिनी व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या. "माझं टाका ना. सुमन, पुढं आडनाव."

मागे बसलेले नाना तडकले, "घरातल्या सुनेचं नाव जगापुढं मांडायचं?"

मीही नानांचीच री ओढली. म्हटलं, तक्रार आली तर लोक नाव घेऊन बोलतील.

"बोलू द्या की. माल माझा हाय, मग बोलणं बी मीच ऐकीन."

नाना उठून गेले. मी वहिनींच्या नावाचं डोमेन घेतलं.

पहिल्याच दिवाळीत पुण्याच्या एका बाईंना ओलसर बेदाणे गेले. 'सुमनताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती,' असं त्यांनी साइटवरच लिहिलं. मी ते काढून टाकायला निघालो, वहिनींनी अडवलं. त्यांनी बाईंना स्वतः फोन करून माफी मागितली, त्या खेपेचा सगळा माल बदलून दिला आणि हे सारं तक्रारीखाली मला लिहायला लावलं. पुढे त्याच बाईंनी अख्ख्या सोसायटीची ऑर्डर पाठवली.

उन्हाळ्यात घरी गेलो, तर नाना फोनवर कोणाला तरी सांगत होते, "सुमनताईंचा माल हाय, डोळे झाकून घ्या." स्वतःच्या सुनेला, चक्क ताई लावून! वहिनी आत तोंडाला पदर लावून हसत होत्या.

घर कुठे, असं इथे कोणी विचारलं की पूर्वी मी नकाशावर नाशिक शोधून दाखवायचो. आता वहिनींचं नाव टाइप करतो. पान उघडतं. शेड दिसते, बाग दिसते, दादा पाठमोरा दिसतो. माझं नाव त्यात कुठेच नाही. तरी घर म्हणून मी तेच दाखवतो.