दर पाव तासाला

खाणीत छत अंगावर कोसळलं आणि कमरेखालचं माझं शरीर मला कळेनासं झालं. नागपूरच्या दवाखान्यातून घरी सोडताना वयस्कर सिस्टरबाईंनी दमच दिला होता: दर पाव तासाला खुर्चीच्या हातांवर तळवे रोवून बूड उचलायचं, तीसपर्यंत आकडे म्हणायचे, मगच टेकायचं. दुखणं मला कळणार नव्हतं, त्यामुळे कातडी दबून सडली तरी पत्ता लागला नसता. घुग्घुसला ट्रकच्या सीटा शिवणाऱ्याकडून मी जाड फोमची गादी करून घेतली. यावर दिवसभर बिनघोर बसा, असं तो म्हणाला. गादी मी घेतली, सल्ला घेतला नाही.

खाणीच्या ऑफिसात हजेरी लिहिण्याचं काम मिळणार होतं. अट एकच, पूर्ण आठ तास बसून दाखवायचं.

त्याआधी बहिणीला पाहायला पाहुणे आले. मी अंग उचललं की मुलाचे वडील अर्धे उठायचे आणि "बसा ना भाऊ" म्हणायचे. त्यांच्या मानासाठी मी उभं राहायची धडपड करतोय, असं त्यांना वाटत होतं. दोनदा असं झाल्यावर बहिणीने मान खाली घातली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग पोहे, चहा, बोलणी संपेपर्यंत दोन तास मी हललोच नाही. लग्न जमलं. संध्याकाळी बायकोने आरसा धरून दाखवला. माकडहाडाजवळ लाल डाग होता आणि बोटाने दाबूनही तो पांढरा होईना. तिसऱ्या दिवशी कातडी फुटली.

दोन महिने पालथा पडून होतो. बहिणीच्या मांडवातली बुद्धवंदना मी खिडकीतून ऐकली आणि उशीत तोंड खुपसून रडलो. पाहुण्यांचा राग नव्हता, राग माझाच होता. चार लोकांत बरं दिसावं म्हणून मी स्वतःचं वाटोळं केलं होतं. ऑफिसातून निरोप आला की पुन्हा जखम झाली तर ती जागा दुसऱ्याला देऊ.

जखम भरल्यावर बसून दाखवायचा दिवस आला. पहिल्यांदा उचललं तेव्हा साहेब म्हणाले, "बसा, बसा." दुसऱ्यांदा शेजारचे कारकूनही म्हणाले. तिसऱ्या वेळी भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकला तरी माझे हात रजिस्टरवरच राहिले. तीच जुनी लाज. मग मांडवातला तो आवाज आठवला. मी तळवे रोवले आणि अधांतरी असतानाच बोललो.

"साहेब, मी उठून नाई राह्यलो. आठ तास बसता यावं म्हून उचलून राह्यलो. दिवसभर असंच चालन."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा फाइलीत डोकं घातलं. दुपारनंतर कुणी वर बघितलंही नाही. दंड भरून आले होते, पण एकही पाव तास चुकवला नाही.

घरी आल्यावर बायकोने आरसा धरला. तिने बोट दाबलं, उचललं, पुन्हा पाहिलं. मग आरसा खुंटीला लावून म्हणाली, "उद्या डब्यात काय देऊ?"