'आर्कितेक्ता' म्हणायची चोरी

इंग्लंडमध्ये, लीड्समधल्या आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर कोलंबियाहून आलेली एकजण बसते. माझ्याच वयाची, चाळिशीला टेकलेली. तिच्या गावी तिने बांधलेल्या इमारती उभ्या आहेत. त्यातली एक शाळा तर डोंगराच्या अशा उतारावर आहे की नुसता फोटो पाहूनच मी टेबलाची कड धरली. नवीन असताना एका मीटिंगमध्ये तिने क्लायंटपुढे हात केला आणि "मी या प्रोजेक्टची आर्किटेक्ट" अशी ओळख करून दिली. मीटिंग संपल्यावर साहेबांनी तिला बाजूला घेऊन गोड आवाजात समजावलं की हा शब्द इथे कायद्याने राखीव आहे. इथल्या रजिस्टरवर नाव चढेपर्यंत तिने स्वतःला डिझायनर म्हणावं.

साहेबांचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडेही कायदा साधारण तसाच आहे. पण मी पडले नागपूरची आणि स्वभावाने भोचक. चहाच्या वेळी मी तिला गाठलंच.

"राग आला का गं?"

"राग नाही, पण इट्स सो स्ट्रेंज," ती म्हणाली. "आमच्याकडे पाववाला, वॉचमन, सगळे मला 'आर्कितेक्ता' अशीच हाक मारतात. माझं नाव त्यांना माहीत तरी आहे की नाही, देव जाणे. आणि इथे मीच तसं म्हटलं तर इल्लीगल!"

आपल्याकडे मास्तरांना मरेपर्यंत मास्तर म्हणतात, तसलाच हा प्रकार. मला फार गंमत वाटली. मग मी पुढचं विचारलं, तुमच्याकडे या कामात बायका असतात का? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "वर्गात निम्म्या आम्हीच होतो."

मग त्या निम्म्या इथे येऊन जातात कुठे? हा प्रश्न काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या व्यवसायात बायकांचं प्रमाण वाढावं, म्हणून परिसंवाद होतात, सँडविचेस खाल्ली जातात. मी जाते अशा ठिकाणी. व्यासपीठावर लॅटिन अमेरिकेतली एकही बाई मी पाहिली नव्हती, आणि खरं सांगायचं तर ती नाही हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मी विचारत सुटले आणि काखेत कळसा निघाला. आमच्याच शहरात एक चिलीची होती, किचनच्या शोरूममध्ये कपाटं विकणारी. एक पेरूची होती, ती दिवसभर लोकांच्या लॉफ्टचे, म्हणजे छपराखाली काढायच्या खोल्यांचे, नकाशे काढायची आणि खाली सही दुसऱ्याची व्हायची. दोघी शिकलेल्या आर्किटेक्ट. त्यांना शोधून काढल्यावर मला गुप्तहेर झाल्यासारखं वाटलं.

"तुम्हा लॅटिना बायकांचं," असं काहीतरी मी एकदा बोलून गेले तर तिघी हसल्या. चिलीची म्हणाली, "घरी मी लॅटिना कुठे होते? ती मी इथल्या एअरपोर्टवर झाले." मलाही आठवलं, नागपुरात असताना मी कधी 'एशियन' नव्हते.

दर रविवारी आम्ही हेडिंग्लीत, माझ्या कोलंबियाच्या मैत्रिणीच्या फ्लॅटवर जमू लागलो, कारण तिची परीक्षा होती. परदेशी डिग्रीवाल्यांनी आपली जुनी कामं घेऊन परीक्षकांसमोर बसायचं आणि आपल्याला हे सगळं येतं हे त्यांना पटवून द्यायचं. एकदा ती नापास झाली होती. तिच्या एका घराकडे बोट दाखवून परीक्षकांनी विचारलं होतं, हिवाळ्यात हे गरम कसं राहतं? ती म्हणाली, "खिडक्या उघडायच्या." तिच्या शहरात बाराही महिने हवा एकसारखी सुखाची. हीटर नाही, पंखाही नाही. तिने खरं तेच सांगितलं होतं. मला हसू आवरेना. मग मीही सांगून टाकलं, की लीड्समधल्या माझ्या पहिल्याच ड्रॉइंगमध्ये मी दक्षिणेच्या खिडकीवर हातभर छज्जा काढला होता. साहेब विचारत होते, आपण नक्की कशापासून लपतोय? काय सांगणार, नागपूरचा मे महिना हातात बसलेला!

या वेळची गोष्ट वेगळी होती. एका नव्या वाचनालयाचं काम आमच्याकडे आलं होतं. त्याची सगळी कल्पना तिची. साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं, रजिस्टरवर नाव आलं तर काम तिचं, नाहीतर दुसऱ्या कुणाचं तरी. आणि बाकीच्या दोघींनीही मनाशी ठरवलं होतं की हिचं झालं तरच आपण अर्ज करायचा. त्यामुळे एकीच्या परीक्षेला तिघी बसल्या होत्या.

परीक्षक मी. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून मी खडूस आवाजात विचारायची, "भिंतीतून ऊब कुठून निसटते?" ती सांध्यासांध्यांतून बोट फिरवत समजावून सांगायची. चुकली की मी जीभ टाळूला लावून 'च्च' करायची, आणि पेरूची मला उशी फेकून मारायची. मधे खायला मी साबुदाण्याची खिचडी नेली. एक घास घेऊन कोलंबियाची म्हणाली, "हा तर आमचा कंद!" साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो मूळचा त्यांच्याकडचा. माझ्या आईचे जन्मभराचे उपवास दक्षिण अमेरिकेच्या जिवावर चालले, हे ऐकून मी चाटच पडले.

त्या तोंडी परीक्षेतून ती या वेळी पार पडली. मग इथल्या कायद्याची परीक्षा राहिली होती, तीही तिने दिली. आणि एका दुपारी ईमेल आली. तिने ती वाचली, लॅपटॉप मिटला, पुन्हा उघडला आणि माझ्याकडे वळवला. रजिस्टरवर नाव चढलं होतं. मी किंचाळलेच. साहेब केबिनमधून धावत आले, आणि काय झालं ते कळल्यावर त्यांनी हात मिळवून सगळ्यांसमोर तिला आर्किटेक्ट म्हटलं. किचनच्या शोरूममधून फोन आला तेव्हा पलीकडून बोलण्याऐवजी नुसतं हुंदक्यांसारखं हसणंच ऐकू येत होतं.

संध्याकाळी, तिकडची दुपार गाठून, तिने मीटिंग रूममधून आईला व्हिडिओ कॉल लावला आणि मलाही ओढून शेजारी बसवलं. आई स्वयंपाकघरात होती. ही भराभरा स्पॅनिशमध्ये सांगत होती. आता म्हातारी आनंदाने ओरडेल म्हणून मी वाट बघत होते. पण तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिने काहीतरी विचारलं. माझ्या मैत्रिणीने हळू आवाजात दोन शब्द सांगितले आणि फोन ठेवला.

"काय झालं? काय म्हणाल्या आई?"

"म्हणाली, 'म्हणजे आजपर्यंत नव्हतीस? मी इथे गल्लीभर सांगत फिरले, माझी मुलगी तिकडे आर्किटेक्ट आहे म्हणून. मग इतकी वर्षं तू तिथे करत काय होतीस?'"

घरी तिने यातलं काहीएक सांगितलं नव्हतं. नापास झालेलंही नाही. मला फार वाईट वाटलं, आणि त्या कायद्याचा, जो चुकीचा नाही हे मला पक्कं माहीत होतं, त्याचाही राग आला. गप्प बसायला हवं होतं, पण मला राहवलं नाही.

"मग तू काय सांगितलंस?"

तिने मनगटाने डोळे पुसले.

"म्हटलं, हेच, आई. हेच करत होते."