नव्या बुटांना हळदकुंकू

खंडेनवमीला आमच्या घरात हत्यारं पुजतात. सासरे गिरणीत होते तेव्हा आपल्या साच्याला, म्हणजे मागाला, झेंडूचा हार घालायचे. गिरणी गेली, तिथे मॉल उभा राहिला. मी लालबागला मसाल्याच्या दुकानात कामाला, त्यामुळे पाटावर माझी विळी नि खलबत्ता असतो. त्या वर्षी त्यांच्या शेजारी मी लेकीचे कबड्डीचे नवे बूट मांडले. पांढरेशुभ्र, त्याच मॉलमधून आणलेले.

"पायातलं कुणी देवापुढे ठेवतं का गं?" नणंद म्हणाली.

"तिचं हत्यार तेच!" मी फटकन म्हटलं आणि दोन्ही बुटांना हळदकुंकवाची बोटं ओढली.

पुजलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावत नाहीत. दसऱ्याला पूजा उचलली, तेव्हा कुठे लेकीने बूट घातले. घातले कसले, कोंबले! टाच आत जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी जिल्ह्याच्या संघाची निवड होती, आणि वयात बसायचं तिचं ते शेवटचं वर्ष. मी तर जुन्या बुटांवरचा नंबर बघूनच घेतले होते.

तशीच तिला घेऊन धावत मॉल गाठला.

"मॅडम, डाग आहेत. वापरलेला माल बदलत नाही," काउंटरवरचा म्हणाला.

"अहो दादा, तळ बघा, कोरे आहेत! हळद आहे ती, देवाची!"

"कळतंय हो मला. पण सिस्टीम घेणार नाही."

मी रुमाल ओला करून घासत सुटले. हळद जास्तच पसरली. रडू नि राग एकदमच आले. याच जागेवर साच्यांना हळदकुंकू लागायचं, आणि इथे मेले त्याला डाग म्हणतात! शेवटी सगळ्यांसमोर हात जोडले. दुसरा जोड घेण्याची ऐपत नव्हती.

त्याला दया आली असावी. डिस्प्लेचा एखादा जुना जोड मिळतो का बघतो म्हणाला आणि माप घ्यायला लेकीचा पाय पट्टीवर ठेवला. दोन नंबर मोठा निघाला. त्या मापाचा जोड नव्हता.

"मग जुने कसे होत होते?" त्याने विचारलं.

तिने पाय मागे घेतला. मी तिचे दोन्ही मोजे ओढून काढले. अंगठ्यांची नखं काळीठिक्कर.

"कधीपासून गं?"

"नववीपासून."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तू कुठूनही आणले असतेस. म्हणून."

दुसऱ्या दिवशी ती जुनेच बूट घालून उतरली. तिसऱ्या चढाईत मागे वळताना पडली, ती लंगडतच बाहेर आली. यादीत नाव नव्हतं.

यंदा खंडेनवमीला पाट मांडताना मी विचारलं, "तुझं काय ठेवू गं?"

"माझं आता काही नाही. तुझी विळी ठेव, आई," ती म्हणाली आणि झेंडू निवडत बसली.